चिनी नगरांचे काळमापक मनोरे : नगारा, घंटा आणि राज्याची वेळ

बीजिंगच्या जुन्या राजनगराची मध्यरेषा उत्तरेस जेथे संपते, तेथे दोन उत्तुंग वास्तू एकामागे एक उभ्या आहेत. दक्षिणेकडची वास्तू म्हणजे लाल भिंतींचा नगारा-मनोरा आणि त्याच्या उत्तरेस सुमारे शंभर मीटरवर करड्या विटा-दगडांचा घंटा-मनोरा. चिनी भाषेत त्यांना अनुक्रमे ‘गूलौ’ आणि ‘चुंगलौ’ म्हणतात. १९२४ सालापर्यंत या महानगराची रात्र याच दोन वास्तूंच्या नादाने सुरू होत असे आणि त्यांच्याच नादाने संपत असे.

अशी जोडी एकट्या बीजिंगची मिरासदारी नव्हे. शीआन, नानजिंग, दातुंग, तसेच अनेक जिल्ह्यांच्या ठाण्यांतही नगारा किंवा घंटा, अथवा दोन्हींचे मनोरे उभारले गेले. आज पर्यटक त्यांच्याकडे वास्तुशिल्प म्हणून पाहतात. पण मुळात हे मनोरे राज्ययंत्रणेचे अवयव होते. काळ मोजणे, मोजलेला काळ सर्वांना ऐकवणे आणि ऐकवलेल्या काळानुसार नगराची दारे उघडणे-मिटणे, अशी तीन कामे ते करीत.

पाच पहाऱ्यांची रात्र

प्राचीन चिनी पद्धतीत अहोरात्राचे बारा समान भाग असत. प्रत्येक भाग आजच्या दोन तासांचा. पहिला भाग रात्री अकराला सुरू होई, त्यामुळे मध्यरात्र त्याच्या बरोबर मध्यावर येई. दिवसासाठी ही गणना पुरेशी होती. रात्रीसाठी मात्र वेगळी व्यवस्था होती. संध्याकाळपासून पहाटेपर्यंतच्या काळाचे पाच पहारे केले जात आणि एका पहाऱ्यास ‘गंग’ म्हणत. आपल्याकडील रात्रीचे चार प्रहर तीन-तीन तासांचे असतात, तर चिनी रात्रीचे हे पाच गंग साधारण दोन-दोन तासांचे. पहिला संध्याकाळी सातच्या सुमारास सुरू होई, तिसऱ्याच्या पोटात मध्यरात्र येई आणि पाचवा पहाटे पाचच्या सुमारास संपे. प्रत्येक गंगाचे पुन्हा पाच उपभाग असत.

याखेरीज अहोरात्राचे शंभर भाग करण्याची आणखी एक समांतर पद्धत होती. अशा एका भागास ‘ख’ म्हणत. मूळ अर्थ ‘खाच’, कारण जलघटीतील काठीवर तेवढ्या खाचा कोरलेल्या असत. शंभर भाग धरले की एक ख १४ मिनिटे २४ सेकंदांचा होतो. मात्र बाराने शंभरास भाग जात नसल्यामुळे दोन्ही गणनांचा मेळ घालणे शतकानुशतके गैरसोयीचे राहिले. छिंग राजवटीने १६४५ मध्ये जेझुइट धर्मोपदेशकांच्या साहाय्याने तयार झालेले नवे पंचांग लागू केले, तेव्हा शंभराऐवजी ९६ ख ठरले आणि एक ख बरोबर पंधरा मिनिटांचा झाला.

पाण्याने मोजलेला काळ

मनोऱ्यावरून वेळ जाहीर करायची, तर ती आधी खात्रीने मोजली पाहिजे. सूर्यघटी ढगाळ दिवशी आणि रात्री निरुपयोगी, म्हणून मुख्य भिस्त पाण्यावर होती. आपल्या परंपरेतील घटिकापात्र मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. तळाशी बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यावर सोडतात आणि ती भरून बुडाली की २४ मिनिटांची एक घटका होते. चिनी जलघटीचे तत्त्व वेगळे होते. पायऱ्यांवर एकाखाली एक मांडलेल्या भांड्यांतून पाणी झिरपत सर्वांत खालच्या भांड्यात येई. त्या भांड्यात तरंगणारी, खाचा पाडलेली काठी हळूहळू वर चढे आणि झाकणापाशी दिसणारी खाच वेळ सांगे. रात्रीची लांबी ऋतूनुसार बदलते, म्हणून वर्षभरात वेगवेगळ्या आखणीच्या काठ्या वापराव्या लागत.

या उपकरणात एक मूलभूत दोष होता. वरच्या भांड्यातील पाणी कमी झाले की दाब घटतो आणि धार मंदावते. हान काळातील ज्योतिर्विद चांग हंग (इ.स. ७८–१३९) याच्या काळापासून यावर उपाय शोधला गेला तो भांड्यांची संख्या वाढवण्याचा. मधले भांडे वरून सतत भरत राहिले, की त्यातून निघणारी धार बरीच स्थिर राहते. पुढे १०३० मध्ये सुंग राजवटीतील यान सू याने जादा पाणी बाजूने वाहून जाईल अशी योजना केली. पाण्याची पातळी त्यामुळे एकसारखी राहू लागली आणि मोजणी अधिक विश्वसनीय झाली.

या परंपरेचा एक उत्तम नमुना आजही पाहता येतो. दक्षिणेतील ग्वांगचौ नगरात १३१६ मध्ये चार तांब्याच्या भांड्यांची जलघटी बसवण्यात आली. तेथील मनोऱ्यावर तिने काही शतके सेवा बजावली. आता ती बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

उत्तरेच्या कडाक्याच्या हिवाळ्यात मात्र पाणी गोठे किंवा त्याचा वेग बदले. दहाव्या शतकाच्या अखेरीस चांग सशून याने आपले खगोलयंत्र चालवण्यासाठी पाण्याऐवजी पारा वापरला, तो याच अडचणीमुळे. छिंग काळात बीजिंगच्या मनोऱ्यात जलघटीची जागा ठरावीक गतीने जळणाऱ्या सुगंधी धूपाने घेतली. धूपाची कांडी किती जळली, यावरून पहारा ठरू लागला.

सू सुंगचे खगोलयंत्र

काळमापनाच्या या इतिहासातील सर्वांत महत्त्वाकांक्षी मनोरा खायफंग येथे, म्हणजे उत्तर सुंग राजवटीच्या राजधानीत उभा राहिला. सू सुंग हा राजदरबारातील ज्येष्ठ अधिकारी आणि शास्त्रज्ञ. हान कुंगल्यन या गणितज्ञ सहकाऱ्याच्या मदतीने त्याने १०८८ नंतरच्या काही वर्षांत सुमारे बारा मीटर उंचीचा जलचलित मनोरा घडवला. माथ्यावर आकाशातील ग्रहताऱ्यांचा वेध घेणारे वलययंत्र, मधल्या मजल्यावर आपोआप फिरणारा खगोल आणि पुढच्या बाजूस पाच मजली सज्जा, अशी त्याची रचना होती. सज्ज्यातील दारांतून लाकडी बाहुल्या प्रकट होत. कोणी घंटा वाजवी, कोणी ढोल, तर कोणी वेळेची पाटी पुढे धरी.

या साऱ्याला गती देणारे हृदय म्हणजे ३६ द्रोण जडवलेले एक मोठे चाक. एका द्रोणात ठरलेल्या वजनाइतके पाणी साचले, की तरफांची जोडणी चाकाला एकच पाऊल पुढे जाऊ देई आणि पुन्हा अडवून धरी. अखंड वाहणाऱ्या पाण्याचे असे समान टप्प्यांत रूपांतर करणारी ही गतिरोधक योजना यांत्रिक घड्याळाच्या इतिहासात फार मोलाची ठरते. तिची बीजे यी शिंग हा बौद्ध भिक्षू आणि ल्यांग लिंगचान यांनी ७२५ मध्ये थांग दरबारासाठी बनवलेल्या यंत्रात आढळतात. युरोपात यांत्रिक घड्याळे तेराव्या शतकाच्या अखेरीस अवतरली.

सू सुंगच्या यंत्राचे आयुष्य मात्र अल्प ठरले. ११२७ मध्ये जुर्चेन टोळ्यांच्या चिन राज्याने खायफंग जिंकले, यंत्र सुटे करून उत्तरेस नेले, पण ते पूर्ववत चालवणे त्यांना साधले नाही. दक्षिणेस सरकलेल्या सुंग दरबारालाही तसे दुसरे यंत्र उभारता आले नाही. वाचला तो सू सुंगने आकृत्यांसह लिहून ठेवलेला ग्रंथ. विसाव्या शतकात जोसेफ नीडम, वांग लिंग आणि डेरेक प्राइस यांनी त्याचा अभ्यास करून १९६० मध्ये सविस्तर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा या यंत्राचे महत्त्व जगभरच्या इतिहासकारांच्या ध्यानी आले. राजवाड्याच्या आवारातील एका यंत्रावर आणि ते जाणणाऱ्या मोजक्या माणसांवर विसंबलेले ज्ञान किती सहज नष्ट होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

नगाऱ्याचा हुकूम

काळ मोजण्याइतकेच काळ पाळायला लावणेही राज्याला महत्त्वाचे वाटे. चिनी राजनीतीत सम्राट हा ‘स्वर्गपुत्र’. आकाशाची गती ओळखून प्रजेला ऋतू आणि वेळ देणे हे त्याच्या अधिकाराचे लक्षण मानले जाई. म्हणूनच थांग कायद्याने खासगी व्यक्तींना खगोलयंत्रे आणि ज्योतिषविषयक ग्रंथ बाळगण्यास मनाई केली होती.

थांग राजवटीची राजधानी छांगआन, म्हणजे आजचे शीआन, या व्यवस्थेचा सर्वांत काटेकोर नमुना होती. शंभराहून अधिक चौकोनी वसाहतींत नगर विभागलेले होते आणि प्रत्येक वसाहतीस स्वतंत्र तट व वेशी होत्या. पूर्वी पहाटे-संध्याकाळी शिपाई ओरडत फिरून सूचना देत. ६३६ मध्ये मा चौ या मंत्र्याच्या सल्ल्यावरून रस्त्यांवर नगारे बसवण्यात आले. संध्याकाळी नगाऱ्याचे शेकडो ठोके पडत. ते संपेपर्यंत प्रत्येकाने आपापल्या वसाहतीत पोहोचायचे, मग वेशी बंद. बाजारपेठ दुपारी तीनशे ठोक्यांनी उघडे आणि सूर्यास्तापूर्वी तीनशे थाळ्यांच्या ठणठणाटाने मिटे. बंदीच्या वेळी मुख्य रस्त्यावर आढळणाऱ्यास वीस छड्यांची शिक्षा होती. राजकाज, आजारपण किंवा घरातील मृत्यू अशा कारणांसाठी मात्र परवानापत्र मिळे.

व्यापार वाढला तसा हा बंदोबस्त सैल पडत गेला. ९६५ मध्ये सुंग सम्राटाने राजधानीतील रात्रीचा बाजार तिसऱ्या गंगापर्यंत चालू ठेवण्यास मुभा दिली. पुढे वसाहतींचे तट मोडले, दुकाने रस्त्यांवर आली आणि खायफंगच्या पेठा रात्रीही गजबजू लागल्या. नगाऱ्याचा आवाज कधी, कोणासाठी आणि किती कडक, यावर सामान्य माणसाच्या रात्रीचे स्वातंत्र्य अवलंबून असे.

मंगोल राजवटीत बंदी पुन्हा कडक झाली. कुबलाई खानाची राजधानी पाहिलेल्या मार्को पोलोने नगराच्या मध्यभागी असलेल्या मोठ्या घंटेचे वर्णन केले आहे. तिचे तीन ठोके पडल्यावर प्रसूतीसारखी निकड असल्याखेरीज कोणी बाहेर पडत नसे आणि अशा वेळी बाहेर पडणाऱ्याने हाती दिवा बाळगणे बंधनकारक होते, असे तो नोंदवतो.

बीजिंगची जोडी

बीजिंगचा नगारा-मनोरा प्रथम १२७२ मध्ये कुबलाई खानाच्या काळात उभा राहिला. तेव्हाचे त्याचे नाव ‘छीचंग लौ’. सूर्य, चंद्र आणि पाच ग्रह या सात ज्योतींच्या गतीशी राज्यकारभार जुळता असावा, अशी कल्पना त्या नावामागे होती. मिंग सम्राट युंगलो याने राजधानी बीजिंगला आणली, तेव्हा १४२० मध्ये दोन्ही मनोरे नव्याने बांधले गेले. घंटा-मनोरा पुढे आगीत नष्ट झाला. १७४५ मध्ये छ्यनलुंग सम्राटाने त्याच्या पुनर्बांधणीस आज्ञा दिली. या वेळी आगीचा धोका टाळण्यासाठी संपूर्ण वास्तू विटा आणि दगडांची करण्यात आली. तिच्या कमानी अशा योजल्या आहेत की आत घुमलेला नाद चारही दिशांना दूरवर जावा.

नगारा-मनोऱ्याची उंची ४६.७ मीटर, तर घंटा-मनोऱ्याची ४७.९ मीटर आहे. आत चढण्यासाठी अनुक्रमे ६९ आणि ७५ अरुंद, उभट पायऱ्या आहेत. घंटा-मनोऱ्यातील मिंगकालीन कांस्यघंटेचे वजन सुमारे ६३ टन आहे. बीजिंगच्याच महाघंटा मंदिरातील, बौद्ध ग्रंथांची अक्षरे कोरलेली सुप्रसिद्ध घंटा निराळी, तिचे वजन सुमारे साडेसेहेचाळीस टन. देवळातल्या किंवा चर्चमधल्या घंटेप्रमाणे या घंटांना आत लोळी नसते. दोरांनी टांगलेला लाकडी ओंडका झोका देऊन बाहेरून आदळला की नाद उमटतो.

इतकी मोठी घंटा ओतणे किती दुष्कर होते, हे लोककथेतून जाणवते. ओतकाम वारंवार फसल्यामुळे पित्यावर राजाचा कोप ओढवेल, या भयाने कारागिराच्या मुलीने उकळत्या धातूत उडी घेतली आणि घंटा सिद्ध झाली, अशी ही कथा आहे. त्या मुलीची भट्टीची देवी म्हणून पूजा होत असे.

नगारा-मनोऱ्यात एक मोठा आणि २४ लहान नगारे होते. चिनी पंचांगात वर्षाचे २४ सौर भाग असतात, त्यांचे प्रतीक म्हणून ही संख्या. त्या संचातील केवळ मोठा नगारा मूळ स्वरूपात उरला आहे. १९०० मध्ये आठ परकीय राष्ट्रांच्या सैन्याने बीजिंग व्यापले, तेव्हा सैनिकांनी त्याच्या कातड्यावर शस्त्रांचे वार केले, असे सांगितले जाते. ते फाटके कातडे आजही तसेच जपून ठेवले आहे. आता वाजवले जातात ते नव्याने बनवलेले नगारे.

एकशे आठ ठोके

छिंग काळातील रीत अशी होती की आधी नगारा आणि मागोमाग घंटा वाजे. सुरुवातीस रात्रीचे पाचही पहारे जाहीर होत. छ्यनलुंगच्या काळापासून फक्त संध्याकाळी सात आणि पहाटे पाच या दोनच वेळा उरल्या. प्रत्येक वेळी १०८ ठोके पडत. अठरा जलद, अठरा संथ आणि अठरा मध्यम लयीत, हे आवर्तन दोनदा. बारा महिने, २४ सौर भाग आणि पाच-पाच दिवसांचे ७२ कालखंड यांची बेरीज १०८ होते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. जपमाळेतील मण्यांमुळे आपल्या परिचयाचा असलेला हाच अंक बौद्ध परंपरेतही पवित्र मानला जातो.

मनोऱ्यावरून घोषणा झाली, की गल्लीबोळांतील पहारेकरी बांबूची टिपरी आणि लहान थाळी वाजवत पुढच्या पहाऱ्यांची खबर देत. म्हणजे राज्याची वेळ मोठ्या नादातून सुटे आणि छोट्या नादांतून घराघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचे.

शीआन आणि अन्य नगरे

शीआनचा नगारा-मनोरा १३८० चा आणि घंटा-मनोरा १३८४ चा. घंटा-मनोऱ्याची एक कथा अभियांत्रिकीच्या दृष्टीने लक्षणीय आहे. नगराचा विस्तार झाल्यावर त्याची जागा केंद्रस्थानी राहिली नाही. म्हणून १५८२ मध्ये लाकडी सांगाडा सुटा करून सध्याच्या चौकात, नव्या चौथऱ्यावर पुन्हा जोडण्यात आला. आज चार मुख्य रस्ते याच मनोऱ्यापाशी मिळतात. या मनोऱ्याशी निगडित असलेली ‘चिंगयुन’ घंटा ७११ मधील, थांग काळातली आहे. मूळ घंटा आता तेथील शिलालेख संग्रहालयात असून मनोऱ्यावर तिची प्रतिकृती टांगली आहे.

नानजिंगचा नगारा-मनोरा १३८२ चा असून त्याच्या नावावरून तेथील एका संपूर्ण प्रभागास ‘गूलौ’ नाव मिळाले. निंगपो येथील मनोऱ्यावर १९३० च्या दशकात पाश्चात्त्य धर्तीचे घड्याळ चढवण्यात आले. खाली जुने लाकूडकाम आणि वर आकडे असलेली तबकडी, असे दोन काळांचे सहजीवन तेथे दिसते.

शेवटचा ठोका आणि त्यानंतर

मात्तेओ रिची या जेझुइटाने १६०१ मध्ये मिंग सम्राटास स्वयंचलित ठोके देणारी घड्याळे भेट दिली. त्यानंतर राजवाड्यात युरोपीय घड्याळांचा मोठा संग्रह जमला. तरीही मनोरे तीन शतकांहून अधिक काळ वाजत राहिले, कारण राजवाड्यातील घड्याळ राजापुरते होते आणि नगारा सर्वांचा होता. १९२४ मध्ये पदच्युत सम्राट फूई यास राजवाड्यातून बाहेर काढण्यात आले आणि त्याबरोबर बीजिंगच्या मनोऱ्यांचे नित्यकर्मही थांबले. नव्या शासनाने नगारा-मनोऱ्याचे नाव बदलून ‘अपमानाचे स्मरण देणारा मनोरा’ अशा अर्थाचे ठेवले आणि परकीय आक्रमणाची चित्रे तेथे मांडली. पुढे जुने नाव परतले. २००१ च्या अखेरीपासून नगाऱ्यांचा आवाज पुन्हा घुमू लागला, पण आता तो पाहुण्यांसाठी.

मनोऱ्यांभोवतीची जुनी वस्ती हा अलीकडचा वादाचा विषय ठरला. एकमजली घरे आणि अरुंद बोळ हटवून तेथे ‘काळ’ या विषयावरील भव्य संकुल उभारण्याची योजना २०१० मध्ये पुढे आली. वारसाप्रेमींच्या विरोधानंतर ती मागे घेण्यात आली. पण काही वर्षांत चौकालगतची अनेक घरे पाडलीच गेली. परिसराला अठराव्या शतकातील रूप परत देणे, हे त्यासाठी दिलेले कारण. पिढ्यान्‌पिढ्या मनोऱ्यांच्या सावलीत राहिलेल्या कुटुंबांना हलवून साधलेले जुनेपण कितपत खरे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने ७.८ किलोमीटर लांबीच्या बीजिंग मध्यरेषेस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे दोन मनोरे तिचे उत्तर टोक आहेत.

वेळेवरील राज्याचा अधिकार मात्र नगाऱ्याबरोबर लोपला नाही. प्रजासत्ताकाच्या काळात चीनमध्ये पाच कालविभाग मान्य होते. १९४९ नंतर संपूर्ण देशास ‘बीजिंग वेळ’ लागू झाली. दूर पश्चिमेकडील शिन्‌च्यांगमध्ये सूर्य माथ्यावर येतो तेव्हा अधिकृत घड्याळात दुपारचे दोन वाजून गेलेले असतात आणि तेथील बरेच लोक दोन तास मागे असलेली स्थानिक वेळ पाळतात. विशेष म्हणजे ही ‘बीजिंग वेळ’ ठरवणारी राष्ट्रीय कालसेवा संस्था बीजिंगमध्ये नसून शीआनलगत लिनथुंग येथे आहे. ज्या प्रदेशात नगाऱ्यांनी वसाहतींच्या वेशी उघडत-मिटत, तेथूनच आता अणुघड्याळांच्या आधारे देशाची वेळ चालते.

मनोरे मौन झाले तरी भाषेने त्यांची स्मृती जपली आहे. चिनी भाषेत घड्याळासाठी आजही ‘चुंग’, म्हणजे घंटा, हाच शब्द आहे. पाव तासाला ‘ख’, म्हणजे जलघटीच्या काठीवरील खाच, म्हणतात. ‘किती वाजले’ हे सांगताना येणारा ‘त्यन’ हा शब्द म्हणजे मूळचा रात्रीच्या गंगाचा पाचवा हिस्सा. मराठीतही ‘तास’ हा शब्द आधी ठोका देण्याच्या धातूच्या थाळीचा होता, मग तो साठ मिनिटांचा झाला, आणि हिंदीत ‘घंटा’ ही आजही नाद आणि वेळ दोन्ही आहे. मनगटावरच्या घड्याळापूर्वी वेळ ही डोळ्यांनी पाहण्याची नव्हे, तर साऱ्या गावाने एकाच क्षणी कानांनी ऐकण्याची गोष्ट होती. आपण अजूनही ‘पाच वाजले’ असेच म्हणतो.